पाचव्या वर्षाचे पेरू

रवीला जाऊन आता सहा महिने होतील. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे आणि ती विचारायचं धाडस होत नाही: त्याने आमच्या झाडाचा पेरू कधी चोरून खाल्ला होता का? बापाने मुलाबद्दल असली आशा धरावी हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मी रोज तेवढंच मागतो. देवा, माझा मुलगा एकदा तरी माझं न ऐकणारा निघू दे.

मी शमुवेल भिंगारदिवे. नगरला पाळक होऊ पाहणाऱ्या मुलांना मी एकतीस वर्षं हिब्रू शिकवली. मुलं पास व्हायची आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळं विसरून मोकळी व्हायची. मी काही विसरलो नाही, हाच माझा दोष. जुन्या करारातल्या क्रियापदांचा मराठी कोश करायचा माझा बेत होता. एकेका क्रियापदाला बुटाचं एक खोकं, आणि ते शास्त्रात जिथे जिथे येतं त्या प्रत्येक जागेचं एक पोस्टकार्ड. ही खोकी घेऊन आम्ही भिंगारमध्ये सात भाड्याची घरं बदलली. बायको म्हणायची, "लोक घर बदलताना भांडी मोजतात, आमच्याकडे क्रियापदं मोजतात." ती लवकर गेली. खोकी राहिली, रवी राहिला.

त्या खोक्यांतलं माझं सगळ्यात लाडकं क्रियापद नाटा. त्याचा अर्थ, झाड लावणे. कोशात एवढंच लिहून भागलं असतं, पण मला तेवढ्यावर कधी समाधान झालं नाही. बी पेरायला हिब्रूत वेगळं क्रियापद आहे. नाटा हे मुळं असलेल्या जित्या झाडाला जमिनीत उभं करण्यासाठी, कायमचं. देवाने एदेनात बाग केली तिथे हे आहे. अब्राहामाने परमुलखात झाड लावलं तिथे हे आहे. ठोकून घट्ट बसवलेल्या खिळ्यांना हेच, आणि देव आपल्या लोकांना त्यांच्या भूमीत लावीन, पुन्हा कुणी उपटणार नाही, असं वचन देतो तिथेही हेच. भाड्याच्या खोलीत बसून मी हे वर्गाला सांगायचो तेव्हा माझा आवाज भरून यायचा. मुलांना वाटायचं सरांना सर्दी झाली.

निवृत्तीनंतर राहात्याच्या पुढे वीस गुंठे घेतले. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर मातीचं ढेकूळ नव्हतं. रवीने नगरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली आणि सुनेला, मोनिकाला, घेऊन माझ्याबरोबर आला. मोनिकाला राहात्यात बालवाडीवर काम मिळालं. शेजारच्या बांधाला कारभारी, पेरूत मुरलेला माणूस. त्याच्या सल्ल्याने रवीने सरदार पेरूची साठ कलमं आणली आणि २०१९ च्या जुलैच्या चौदा तारखेला आम्ही ती लावली. रवी खड्ड्यात कलम धरायचा, माती लोटायचा आणि टाचेने दाबायचा. मी प्रत्येक झाडापाशी उभा राहून प्रार्थना केली. साठ झाडं, साठ प्रार्थना. कारभारी म्हणाला, "सर, येका प्रार्थनेत भागवा की, पाऊस यायलाय."

तेव्हाच मी तो नियम काढला. शास्त्रात लिहिलंय, की तुम्ही त्या देशात जाऊन फळझाड लावाल तेव्हा तीन वर्षं त्याचं फळ वर्ज्य समजा, चौथ्या वर्षीचं देवाला द्या आणि पाचव्या वर्षी खा. तिथेही नाटाच आहे. आता, आम्ही ख्रिस्ती माणसं. हा नियम आम्हाला बांधील नाही, हे मीच एकतीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. पण आयुष्यभर ज्या शब्दावर बोललो तो एकदा जगून बघायची मला हौस आली. खरं सांगायचं तर गर्व होता तो. हौस माझी होती आणि पाळायला लावली घरच्यांना.

रवी हसत म्हणाला, "पप्पा, कलम नर्सरीत पिशवीत वर्षभर होतं. मातीसकट आलंय. तिथपासून मोजू या ना."

"पिशवीतलं लावलेलं नव्हे," मी म्हणालो. "जिथे कायम उभं राहायचं तिथल्या मातीत गेल्यापासून मोजायचं. आजपासून."

"म्हणजे भिंगारला आपण पिशवीत होतो."

"होतोच," मी म्हणालो. दोघं पोटभर हसलो.

पहिली दोन वर्षं काही अडलं नाही. झाड जोमदार व्हावं म्हणून पेरूवाले तसंही फुलं खुडून टाकतात. तिसऱ्या वर्षी मात्र झाडं लगडली. कारभारीने आपली पहिली पाटी बाजारात नेली आणि आमची फळं झाडाखाली सडली, कारण मी तोडू दिली नाहीत. मोनिका तडकून म्हणाली, "पप्पा, राघूंना तरी हिब्रू शिकवा, ते खुशाल खातायत."  संध्याकाळी रवी झाडांमधून चालायचा, एखादा पेरू तळहातावर तोलायचा, नाकाशी न्यायचा आणि सोडून द्यायचा.

चौथ्या वर्षीचे पेरू आम्ही टेम्पोत भरून चर्चच्या हंगामाच्या सणाला नेले. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे मांडतात आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. कुणी भोपळा घेतं, कुणी कोंबडा. आमच्या पेरूंवर उडीच पडली. रवीने हळूच हात वर केला. लिलावात घेतलेला म्हणजे विकतचा, असं त्याचं म्हणणं असणार. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, पण त्याने हात खाली घेतला. मग सगळी मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर बसून आमचे पेरू खात राहिली आणि लावणारा त्यांना मीठ वाढत फिरत होता. मला त्या दिवशी माझ्या मुलाचा फार अभिमान वाटला. आज तो हात आठवला की मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

पुढच्या मे महिन्यात त्याला कावीळ झाली. साधी म्हणता म्हणता ती उलटली, लिव्हर निकामी व्हायला लागलं आणि आम्ही त्याला नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं. जून सरत आला तेव्हा एका दुपारी तो म्हणाला, "पप्पा, झाडाला आता आले असतील ना? कच्चा चालेल. एक आणा."

मी हिशोब केला. चौदा जुलैला चार वर्षं भरत होती. मी म्हणालो, "सतरा दिवस राहिलेत, रवी. पाचवं वर्ष लागू दे. पहिला पेरू तुझा."

असं मी का म्हणालो ते सांगतो. मनातल्या मनात मी देवाशी सौदा केला होता. मी तुझा नियम शेवटच्या दिवसापर्यंत मोडत नाही, तू माझा मुलगा त्या दिवसापर्यंत सोडू नको. चौदा तारखेला त्याच्या हातात पेरू गेला की तो उठणार, हे मला इतकं पक्कं वाटत होतं की मी फळ रोखून धरलंय असं वाटतच नव्हतं. मी त्याचा जीव धरून ठेवलाय असं वाटत होतं.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "मग मला घरी तरी न्या. झाडाखाली बाज टाका. इथे नको." डॉक्टर भला माणूस होता. त्याने मला बाहेर बोलावून सांगितलं की आता आमच्या हातात फार उरलेलं नाही, न्यायचं असेल तर न्या. मी आत येऊन रवीला म्हणालो, "घरी कसला जातोस? लढ. लढाईतून असं परत फिरतात का?" त्याने डोळे मिटले. मला वाटलं त्याला पटलं.

तीन जुलै मला तासातासाने आठवतो. आदल्या दिवशीच मोनिका तिच्या आईला आणायला संगमनेरला गेली होती. मी सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून होतो, पाच मिनिटंसुद्धा उठलो नाही. सकाळीच नर्सने सांगितलं होतं, तोंडाने काही द्यायचं नाही. मी कापूस ओला करून त्याच्या ओठांना लावत होतो. तो कापूस चोखायचा. चार तारखेला त्याला आयसीयूत नेलं, नाकातून नळी घातली. मोनिका संध्याकाळी पोचली तेव्हा तो आत होता. नऊ तारखेला तो गेला. चौदा तारखेला पाच दिवस होते.

त्याला पुरून आल्यावर मी आठवडाभर खोक्यांना हात लावला नाही. मग लावला, कारण मला दुसरं काही येत नाही. नाटाचं खोकं बंद करून टाकावं म्हणून कार्डं जुळवायला घेतली तर एक कार्ड कमी. यादीत आकडा होता, कार्ड नव्हतं. तीन दिवस शोधलं. शेवटी ते सापडलं 'युद्धाचे नियम' लिहिलेल्या खोक्यात. मीच तिथे टाकलं होतं, वीस-बावीस वर्षांपूर्वी. अक्षर माझंच, शाई निळी.

त्यात असं आहे: सैन्य लढाईला निघालं की अधिकाऱ्यांनी रांगेपुढे उभं राहून विचारावं, तुमच्यात असा कुणी आहे का, ज्याने मळा लावलाय आणि त्याचं फळ अजून चाखलेलं नाही? त्याने घरी परत जावं. नाहीतर तो लढाईत मरेल आणि त्याचं फळ दुसरा कुणी खाईल.

लावणाऱ्याने थांबावं असं सांगणाऱ्या नियमशास्त्रातच हेही आहे. क्रियापद तेच. ज्याने लावलं आणि खाल्लं नाही त्याला घरी जाऊ द्या. रवीने तोंडाने हेच दोन शब्द मागितले होते, पेरू आणि घर. त्याला हिब्रू येत नव्हती. मला येत होती, आणि मी त्याला लढ म्हणालो. मी जमिनीवर बसलो आणि मोठ्याने रडलो. मोनिका दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

त्या दिवसापासून मला हा एकच ध्यास लागला. त्याने चोरून खाल्ला असेल तर मी थोडा तरी सुटेन. तसा तो काही पुतळा नव्हता, भिंगारला शाळेत असताना माझ्या खिशातून चॉकलेटला पैसे उचलायचा. असेल खाल्ला तिसऱ्या वर्षी, बांधाआड उभं राहून.

गेल्या आठवड्यात कारभारी आला. हिवाळ्याचा बहर झाडांवर पिवळा झाला होता. पाचव्या वर्षाचा, खायचा, आणि मी कुणाला तोडू देत नव्हतो. तो म्हणाला, "सर, फांद्या मोडायला लागल्यात. निदान उतरवून तरी टाका. झाडाचा काय गुना हाय?"

मी म्हणालो, "कारभारी, एक विचारतो, खरं सांगा. रवीने आमचा पेरू कधी खाल्ला होता का हो? तुमच्यासमोर?"

तो उकिडवा बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझं तर रोज खायचा. तुमच्या झाडाचा न्हाई."

"कधीच?"

"तिसऱ्या वर्सी म्या सोता तोडून त्याच्या हातात दिला हुता. म्हनलं, खा लेका, सर नगरला गेल्यात. लई वेळ धरून हुभा ऱ्हायला. मंग माझ्याच खिशात घातला. म्हनला, मामा, पप्पांनी जल्मात पहिल्यांदा काय तरी लावलंय. त्यांचं त्यांच्या मनासारखं हू द्या." कारभारीने नाक पुसलं. "खोटं सांगितलं असतं सर, पन मला जमत न्हाई."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर मला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग रवीचा आला. इतका शहाणा मुलगा असू नये कुणाला.

आता उरली मोनिका. दवाखान्यात तिने काही नेलं असेल तर तिलाच ठाऊक. पण ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला या. गोळी घेतली का. औषधाची बाटली संपली. मी घरी न्यायला नकार दिला तेव्हा तिने माझे पाय धरले होते, ते मी वर लिहिलं नाही. लाजेने लिहिलं नाही. तिला मी कोणत्या तोंडाने विचारू?

इथवर मी शनिवारी लिहिलं होतं. पण काल रविवार होता. उपासनेहून आल्यावर ती ओट्याशी मेथी निवडत बसली होती. मी ते कार्ड घेऊन तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि वाचून दाखवलं. आधी हिब्रूत वाचलं, सवयीने, मग मराठीत. वाचून झाल्यावर म्हणालो, "मोनिका, हे मला माहीत होतं. माझ्याच हातचं आहे. मी चुकीच्या खोक्यात टाकलं होतं. तू त्याला घरी न्या म्हणत होतीस ते शास्त्राला धरून होतं. मी नव्हतो."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मला वाटलं आता ती बोलेल, सहा महिन्यांचं सगळं बोलेल, आणि मी ते ऐकायला तयार होतो. ऐकायचंच होतं मला.

"आणखी एक," मी म्हणालो. "त्याने..." पुढे मला बोलताच येईना.  "त्याने कधी... एक तरी..."

 ती उठली, चप्पल घातली आणि मळ्यात गेली. रवी गेल्यापासून ती त्या झाडांत गेली नव्हती. मी खिडकीतून बघत होतो. पहिल्याच झाडापाशी ती थांबली, खोडाला हात टेकून खाली मान घालून उभी राहिली. परत आली तेव्हा ओढणीत एक पेरू होता, मोठा, पिवळा. तिने तो धुतला, विळीवर चार फोडी केल्या, मीठ-तिखट लावलं आणि ताटली माझ्यासमोर ठेवली.

"खाल्ला होता त्यांनी," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"आयसीयूत नेलं ना, त्याच्या आदल्या दिवशी. मी डब्यात लपवून नेला होता. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात." ती ताटलीकडे बघत बोलत होती. "अर्धा खाल्ला. बी दातात अडकलं म्हणून हसले. म्हणाले, पप्पांना सांगू नको, त्यांचा हिशोब चुकेल."

शेवटचं वाक्य अगदी त्याचंच होतं. ते तिने इतकं बरोबर म्हटलं की मी दाराकडे वळून पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, हात मात्र पदर शोधावा तसे ओढणीत काहीतरी शोधत होते.

मी एक फोड उचलली. साडेचार वर्षांत आमच्या झाडाचं पहिलं फळ माझ्या तोंडात गेलं. गोड होतं.  ती समोरून हलली नाही, मी काय म्हणतो याची वाट बघत राहिली. तीन जुलैला ती संगमनेरला होती, आणि स्टुलावर मी होतो.

"बरं केलंस, पोरी," मी म्हणालो, आणि उरलेल्या फोडी तिच्याकडे सरकवल्या.